जुन्या गाडीच्या बॉनेटची बिजागरी: दाबू नका, फेकू नका, या चुका टाळा

बॉनेट बंद करताना अर्ध्यात अडलं तर हात काढा. पुढनं दोघांनी मिळून दाबायचं नाही, एवढंच आधी सांगतो, बाकीचं नंतर निवांत वाचा.

आमच्या थोरल्या काकांची १९६५ची शेवरोले इम्पाला कोल्हापूरच्या शाहूपुरीत शेडमध्ये असायची. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ आहे, म्हणजे विचार करा), तेव्हा गाडी बॉनेटच्या कडेपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर आम्ही इंजिन उघडलं, ब्रेक खोलले, वायरिंग नवीन टाकलं, सीट उन्हात घातल्या, सगळं केलं, पण बॉनेटच्या बिजागरीकडं कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण ती काय चालती गोष्ट आहे असं वाटतच नाही हो, कोपऱ्यात काळा लोखंडी सांगाडा असतो, त्याच्यात काय बघायचं. दिवाळीनंतर एकदा बॉनेट उघडलं, करकरत वर गेलं. बंद करताना मधेच थांबलं. मी आणि पुतण्यानं पुढनं जोर लावला, "कट्" असा आवाज आला आणि मागच्या कडेपासून वीतभर पुढं बॉनेटवर आडवी घडी पडली. साधी चरचर ऐकून ऑईल घातलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. त्याच्याऐवजी पत्रा सरळ करायला डेंटरकडं तीन आठवडे गाडी. काका काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या चुका आपोआप टळतील. जुन्या अमेरिकन गाड्यांची बिजागरी दाराच्या बिजागरीसारखी एका पिनवर फिरत नाही. एक प्लेट मडगार्डच्या बाजूला आतून बोल्टनं, एक प्लेट बॉनेटला, मधी दोन दांड्या आणि सगळ्या जोडांवर रिबीट, वर एक जाडजूड स्प्रिंग ताणून बसवलेली. बॉनेट वर गेलं की स्प्रिंग ते धरून ठेवती, वेगळी काठी लावावी लागत नाही. आता यातला एक जरी रिबीट गंजून जाम झाला की दांडी फिरायची थांबती, पण तुम्ही पुढनं चार फूट लांबीवरनं दाबताय, म्हणजे पहारीनं दगड उचलतो तसा सगळा जोर मागं येतो. दांडी वाकत नाही, ती जाड आहे. मग वाकणार कोण? पत्रा.

आणि याच्या उलट रोग म्हणजे रिबीट घासून प्ले, म्हणजे ढिलेपणा येणं. तेव्हा बॉनेट अडत नाही, उलट लय हलकं हलतं. बंद केल्यावर मागची कड तीन-चार मिलिमीटर वर राहती, किंवा उघडताना बॉनेट मागं सरकून काउलला (पुढच्या काचेखालच्या पत्र्याला) टेकतं आणि कोपऱ्यावरचा कलर उडतो. तपासायची पद्धत सोपी आहे. बॉनेट पूर्ण उघडा, एकानं मागचा कोपरा धरून वरखाली हलवायचा, दुसऱ्यानं बॅटरी मारून एकेक रिबीट बघायचा. जिथं रिबीट जागेवर आणि प्लेट हलतीय तिथं दोष. बहुतेक वेळा तिथं काळी पावडर किंवा घासून चकचकीत झालेली कड दिसतीच.

बिजागरीवर आळ घ्यायच्या आधी

कड वर राहिली म्हणजे बिजागरी गेली असं नाही. आधी बॉनेटचे बोल्ट ढिले आहेत का बघा, त्याखाली पातळ पत्र्याच्या चकत्या दिल्या असतील तर मागच्या मिस्त्रीनं त्या कुठं हरवल्यात का ते बघा, पुढचं लॉक आणि रबरी गट्टू बघा. पुढची उंची लॉक आणि गट्टूनं जमती, मागची बिजागरीच्या बोल्टनं. बरेच लोक पुढचा दोष मागं शोधत बसतात.

पाना आणि बोल्ट

अमेरिकन गाडी म्हणजे सगळं इंची. गॅरेजमध्ये हाताशी १३ नंबरचा पाना असतो, अर्ध्या इंचाच्या डोक्याला तो बसतो पण, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. नवीन बोल्ट असेल तर खपून जातं, पन्नास-साठ वर्षं गंजलेल्या बोल्टवर ते तीन-दशांश मिलिमीटरच घात करतात, पाना सटकतो, डोकं गोल होतं, आणि मग छिन्नी-हातोडा सुरू. इंची पाने आणा, रिंगचे आणा. आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑईल मारून ठेवा, सकाळी परत मारा.

बसवताना तर याहून वाईट चूक होती. अडीच सुती बोल्ट, म्हणजे ५/१६, हा दिसायला अगदी एम८ (८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट) सारखा. व्यास ७.९४ आणि ८, डोळ्याला काय कळणार? पण आटे वेगळे, एका इंचात १८ आटे म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.४१ मिलिमीटर, आणि एम८चं १.२५. दोन फेरे हातानं जातो, मग पान्यानं जातो, मग आतल्या नटाचे आटे घेऊन जातो. तो नट आत पत्र्याच्या खिशात असतो, तिथं हात पोचत नाही. हातानं चार-पाच फेरे सहज गेला नाही तर तो बोल्ट त्या भोकाचा नाही, काढा.

काढताना

खुणा. बोल्ट ढिला करायच्या आधी बिजागरीच्या कडेनं टोकदार सळईनं बारीक रेघ मारा, दोन्ही प्लेटभोवती, दोन्ही बाजूंना. मार्करची खूण डिझेलनं पुसली जाती. माझ्या ओळखीतल्या एकाने फोनवर फोटो काढले आणि खुणा केल्या नाहीत, मग गॅप जुळवायला दोन रविवार गेले, फोटोत दोन मिलिमीटरचा फरक दिसत नाही.

स्प्रिंगबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. ती पकडीनं ओढून काढायची नाही. पकड सुटली की हुक तोंडावर येतो, डोळा जाऊ शकतो. जुने मिस्त्री करतात ती युक्ती अशी, बॉनेट बंद असताना किंवा अर्धं खाली असताना जेव्हा स्प्रिंग जास्त ताणलेली असती, तेव्हा तिच्या वेटोळ्यांच्या फटीत वायसर घालत जायचे, दोन्ही बाजूंनी सारखे. मग बॉनेट वर केलं की वायसरमुळं स्प्रिंग आखडत नाही, लांबच राहती, आणि हुक हातानं निघतो. कुठल्या स्थितीत ती जास्त ताणली जाती ते गाडीप्रमाणं बघून घ्या. काढल्यावर ती तशीच वायसरसकट पोत्यात गुंडाळून ठेवा, पोरांच्या हाती लागू देऊ नका. चष्मा घाला.

आणि स्प्रिंग निघाल्यावर बॉनेट धरायला कोणी नाही हे विसरू नका! आधी दोन वासे टेकवा, मग स्प्रिंगला हात लावा. बॉनेट उतरवायला दोघं तरी पाहिजेत, एकेका कोपऱ्याला एकेक, आणि मागच्या कोपऱ्यांखाली काउलवर घरातली जुनी वाकळ घडी करून टाका. आमच्याकडं दाजी आणि पुतण्या होते, आजीच्या वाकळेमुळं काच वाचली, कारण शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा बॉनेट एकदम मागं आलंच.

नवीन मागवायची का?

शेवरोलेवाल्यांचं बरं आहे, अमेरिकेत नवीन कॉपी बनून मिळतात. पण नुसतं "इम्पाला" बघून ऑर्डर करू नका. १९६५ला इम्पालाची बॉडी बदलली, चासी बदलली, १९६४पर्यंत एक्स आकाराची होती ती गेली. त्यामुळं ६४ची बिजागरी ६५ला बसेल असं धरून चालायचं नाही. आम्हाला एका ऑनलाईन विक्रेत्यानं जोडी म्हणून दोन्ही उजव्या बाजूच्या पाठवल्या, आणि डावी-उजवी ही आरशासारखी असती, फिरवून बसत नाही. परत पाठवायचा खर्च बघून त्या अजून माळ्यावर आहेत. मागवायच्या आधी तुमच्या बिजागरीची भोकं ते भोकं अंतरं व्हर्निअरनं मोजा आणि विकणाऱ्याकडनं तीच मापं फोटोसकट मागवा, देत नसेल तर सोडून द्या.

म्हणूनच जुनी बिजागरी भंगारात टाकायची नाही. कितीही गंजलेली, तुटलेली असू दे. तिच्यावर कंपनीची मापं आहेत, आणि ती मापं दुसरीकडं कुठंच मिळणार नाहीत.

उद्यमनगरात करून घेताना

आपण कोल्हापूरकर याबाबतीत खरंच नशीबवान आहोत. ऑईल इंजिन आणि फौंड्रीवर वाढलेलं गाव आहे हे, शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत टर्नर, दुसरीत मिलिंग, पुढं प्लेटिंग, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात लेझर कटिंग. दुसऱ्या गावचे लोक जे परदेशातनं मागवतात ते इथं दोन दिवसांत बनू शकतं, फक्त काय पाहिजे ते आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे.

मी आधी गेलो ते नुसतं "रिबीट घासलाय, जाड बोल्ट घाला" म्हणत. टर्नर वयस्कर, त्यांनी बिजागरी हातात घेतली, भोकात बोट फिरवलं आणि म्हणाले, "भावा, भोक गोल राहिलं नाय, अंड्यागत झालंय. ह्यात जाड बोल्ट घातला तर बोल्ट बसंल, पण सेंटर हललेलंच राहणार." हीच सगळ्यात मोठी चूक. अंडाकृती भोकाला मोठं ड्रिल मारलं की ड्रिल घासलेल्या बाजूला पळतं, दोन जोडांतलं अंतर बदलतं, आणि मग बॉनेट कितीही सेट केलं तरी तिरकंच बसतं. त्यांनी काय केलं, दुसऱ्या बाजूची कमी घासलेली बिजागरी मागितली, तिच्यावरनं अंतरं घेतली, प्लेट मिलिंगवर घट्ट बांधून भोक मूळ सेंटरवर मोठं केलं आणि त्यात कॉलरवाला गनमेटलचा बुश (भोकात बसवायची आखूड नळी) ठोकला. प्लेट जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड, साधा बुश त्यात टिकत नाही, म्हणून कॉलर. पिन ईएन८ स्टीलची, पायरीची, म्हणजे फिरायच्या जागी जाड आणि आट्याकडं बारीक. पायरीची लांबी प्लेट आणि बुशच्या जाडीपेक्षा केसभर जास्त, एक-दोन दशांश मिलिमीटर, म्हणजे नट कितीही आवळला तरी दांडी मोकळी फिरती.

इथं पूर्ण आट्याचा बोल्ट घालणारे लय आहेत. आटे बुशमध्ये फिरले की कानशीसारखे घासतात, पावसाळा संपायच्या आत प्ले परत हजर.

अजून एक, जाम रिबीटला गॅसची बत्ती लावायची घाई. तापवल्यावर सुटतो, खरं आहे, पण स्प्रिंग लावलेली असताना तर अजिबात नाही, तिचा ताव उतरतो आणि मग ती बॉनेट धरत नाही. आधी डिझेलमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, रोज हातानं थोडी थोडी हलवा. आमची डावी बाजू तिसऱ्या दिवशी सुटली, पुराचा गाळ अजून निघत होता आतनं.

नवीन प्लेट लेझरवर कापायची असेल तर ड्रॉइंग एकच, पण वाक उलट्या बाजूंना, हे बेंडिंगवाल्याला प्लेटवर खडूनं लिहून द्या. आणि घासलेल्या भोकावरनं ड्रॉइंग काढू नका.

स्प्रिंग नवीन करायची तर तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेटोळी किती, मोकळी लांबी आणि दोन हुकांची दिशा हे सगळं द्या. जुनी नमुना म्हणून सोबत द्याच.

कलर आणि प्लेटिंग

पावडर कोटिंग छान दिसतं म्हणून अख्खी बिजागरी जोडलेलीच देऊ नका, जोडाच्या फटीत थर बसतो आणि नवीकोरी बिजागरी जाम होती. सुटे भाग द्या, भोकं झाकून द्या. स्प्रिंगला क्रोम किंवा झिंक करायचा मोह तर टाळाच. ऍसिडमध्ये धुताना आणि प्लेटिंग होताना हायड्रोजन कडक स्टीलमध्ये शिरतो, स्टील ठिसूळ होतं, आणि स्प्रिंग काही दिवसांनी उभ्या गाडीत आपोआप तुटू शकते. करायचंच असेल तर प्लेटिंगनंतर लगेच, काही तासांच्या आत, भट्टीत २०० डिग्रीच्या आसपास कित्येक तास ठेवतात, ती सोय असलेल्याकडंच द्या. मी काळा पातळ कलर मारला, पुरतो.

स्प्रिंग काढून नव्या गाडीचे गॅसचे शॉकअब बसवणारेही बघितलेत. ते भलत्याच जागी ढकलतात, आणि त्या जागेसाठी जुन्या बॉनेटची आतली फ्रेम बनवलेलीच नाही.

जीपवाल्यांना वेगळं सांगतो. विलीज आणि महिंद्राच्या जुन्या जीपला काउलवर आडवी लांब पट्टीची बिजागरी असती, आत एक सळई. तिथं स्प्रिंगची भानगड नाही, पण सळई गंजली की लोक पट्टीच गॅसनं कापतात. आठवडाभर ऑईल सोडत राहा, सळई एका टोकानं फिरवत ओढा, नवीन सळई कुठंही मिळते, ती पट्टी मिळत नाही.

बसवताना

बोल्ट खुणांवर आणून अर्धेच आवळा. वासे तसेच ठेवून बॉनेट हातानं हळूहळू खाली आणा, लॉकचा खालचा भाग काढून ठेवा म्हणजे चुकून अडकणार नाही, आणि दोन्ही कोपऱ्यांवर एकेक माणूस बघायला उभा करा. पहिल्यांदा खाली येताना मागची कड काउलपासून किती लांब जाती ते बघायचं, कमी वाटली की लगेच थांबून वर. गॅप दोन्ही बाजूंना सारखी झाली की मग आवळा, मग लॉक, आणि स्प्रिंग सगळ्यात शेवटी.

नंतर जोडांवर पातळ ऑईलचे दोन थेंब, महिन्यातनं एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. ग्रीस थापू नका, आपल्याकडची धूळ त्यात बसून त्याचाच दगड होतो. आमच्या गाडीत ऑईलची कुपी आता ग्लोव्ह बॉक्समध्येच असती, आणि दर महिन्याला थेंब टाकायचं काम काकांनी स्वतःकडं घेतलंय.