पिंगला उत्तर न देणारा संगणक
पिंग म्हणजे ‘आपण जागे आहात का’ अशी विचारणा करणारा आयसीएमपीचा (नेटवर्कवर सूचना आणि त्रुटी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा, म्हणजे नियमसंचाचा) प्रकार ८ चा संदेश. त्याला प्रकार ० चे उत्तर मिळाले की विचारणाऱ्याला त्या पत्त्यावर संगणक चालू असल्याचे कळते.

हे उत्तर थांबवायचे असेल, तर विंडोजमध्ये प्रशासकाच्या खात्यातून ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी’ उघडून ‘इनबाउंड रूल्स’मध्ये (आत येणाऱ्या संदेशांच्या नियमांत) नवा ‘कस्टम’ नियम तयार करावा, प्रोटोकॉल म्हणून ‘आयसीएमपीव्ही४’ निवडावा आणि ‘कस्टमाइझ’ दाबून केवळ ‘एको रिक्वेस्ट’समोर (म्हणजे वरील प्रकार ८ समोर) खूण करावी. येथे घाई नको: सर्वच प्रकार अडवले, तर पॅकेट (पाठवलेला माहितीचा तुकडा) मोठे असल्याची सूचना देणारा प्रकार ३ चा संदेशही अडतो आणि काही संकेतस्थळे अर्धवट उघडून थबकतात. शेवटी ‘ब्लॉक द कनेक्शन’ निवडावे. अडवणारा नियम सामान्यतः परवानगी देणाऱ्या नियमावर मात करतो.

आयपीव्ही६साठी (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीसाठी) असाच वेगळा नियम लागतो. घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून पिंग केल्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसले, की नियम लागू झाला असे समजावे. बाहेरून येणाऱ्या पिंगला मात्र बहुधा राउटरच उत्तर देतो, त्यामुळे त्याच्या सेटिंगमध्येही हा बदल करणे आवश्यक आहे. उघडे पोर्ट (बाहेरून जोडणी घेणारी संगणकाची दारे) यामुळे बंद होत नाहीत. ते स्वतंत्रपणे तपासावेत.