तिरक्या पट्ट्यावरून आघात-लहरीचा वेग काढताना

सौर रेडिओ वर्णपट म्हणजे सूर्याकडून आलेल्या रेडिओ लहरींचं चित्र: आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता. तो उघडला की आधी उभा अक्ष वाचा. काही चित्रांत मोठी वारंवारता वर असते, काहींत खाली. मग आडव्या रेघा सोडून द्या. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या बहुतेक रेघा एफएम केंद्रांच्या. सूर्याचा त्यात काही हात नाही.

काही सेकंदांतच कमी वारंवारतेकडे कोसळणारी रेघ म्हणजे टाइप ३ प्रकारचा रेडिओ-स्फोट, सुसाट सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा. आपल्याला हवा तो टाइप २. तो मिनिटं घेत सरकतो, कारण आघात-लहर (अतिवेगाने सरकणारा दाबाचा धक्का) करोनात, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणात, वर चढते तसतसा भोवतालचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) विरळ होतो आणि प्लाझ्मा जितका विरळ, तितकी वारंवारता कमी.

आता घाई नको. टाइप २ मध्ये बरेचदा दोन पट्टे असतात: एक मूळ, दुसरा साधारण दुप्पट वारंवारतेचा हार्मोनिक. मी सुरुवातीला ठळक दिसेल तोच पट्टा मोजायचो, आणि बरेचदा हार्मोनिकच जास्त ठळक असतो! एकाच क्षणी दोन्ही पट्ट्यांची वारंवारता वाचा. गुणोत्तर दोनच्या आसपास आलं तर कमी वारंवारतेचा पट्टा मूळ.

समजा मूळ पट्टा ५ मिनिटांत ८० वरून ४० मेगाहर्ट्झवर आला. वारंवारतेला ०.००९ ने भागून वर्ग करा: दर घन सेंटीमीटरला इलेक्ट्रॉन मिळतात, आधी सुमारे ७.९ कोटी, नंतर २ कोटी. करोनाची घनता सूर्यापासूनच्या अंतरानुसार किती असते हे सांगणाऱ्या, न्यूकर्क यांच्या १९६१ च्या घनता-मॉडेलनुसार

र = ४.३२ ÷ लॉग (घनता ÷ ४२,०००)

लॉग दहाच्या पायाचा, र सूर्यकेंद्रापासून सौर त्रिज्यांत. उत्तरं १.३२ आणि १.६२. फरक ०.३ त्रिज्या, म्हणजे सुमारे २ लाख १० हजार किलोमीटर; ३०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला साधारण ७०० किलोमीटर.

हाच हिशोब हार्मोनिकला मूळ समजून, १६० ते ८० वर केलात तर वेग ४८० च्या आसपास येतो. आकडा दिसायला अगदी शहाणा, म्हणून चूक पकडली जात नाही. फक्त हार्मोनिकच दिसत असेल तर वारंवारता आधी निम्मी करा.

वेगाशेजारी मॉडेलचं नाव लिहा. दुसऱ्या मॉडेलने आकडा बदलतो. शिवाय ही लहर सरळ वर गेली असं आपण गृहीत धरलं आहे. ती तिरकी गेली असेल तर खरा वेग याहून जास्त.