अध्ययन अक्षमतेची तपासणी : पालकांसाठी मार्गदर्शन

तिसरीतले एखादे मूल तोंडी उत्तरे बिनचूक देते, ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह परत सांगते. पण तेच वहीत उतरवताना 'प्रकाश'चा 'पकाश' होतो, 'घ' आणि 'ध' एकमेकांच्या जागी येतात, 'भ'चा 'म' होतो आणि फळ्यावरचे अर्धेच लिहून होते. अशी तफावत महिनोन्महिने टिकून राहिली तर तिला आळस किंवा हट्ट समजू नये. वाचन, लेखन किंवा गणितातील अध्ययन अक्षमता हे त्यामागचे कारण असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे आणि ती शक्य तितक्या लवकर ओळखण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम १६ ने शाळांवर टाकली आहे.

अध्ययन अक्षमतेच्या शासकीय प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारणपणे तिसरीत किंवा वयाची आठ वर्षे झाल्यावर केली जाते, कारण त्याआधी मुलाला वाचन-लेखन पुरेसे शिकवूनच झालेले नसते. प्रत्यक्षात अनेक पालक नववी-दहावीत, बोर्डाच्या सवलती मिळाव्यात म्हणून धावपळ सुरू करतात. सवलती हव्यातच, पण तोवर मुलाची पाच-सहा वर्षे बोलणी खाण्यात गेलेली असतात, आणि उपचारात्मक अध्यापनाचा, म्हणजे अडणारा भाग वेगळ्या पद्धतीने शिकवण्याचा, सर्वाधिक उपयोग झाला असता तो काळ हातचा निघून गेलेला असतो. म्हणून शंका आली त्याच वर्षी कामाला लागावे.

पहिले पाऊल म्हणजे मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. मुलाला नेमके काय जमते आणि कोठे अडते हे उदाहरणांसह लिहावे, तपासणीसाठी शाळेचे शिफारसपत्र आणि वर्गशिक्षकांचे निरीक्षण मागावे, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. जिल्हा परिषदेच्या शाळेतील पालकांनी गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांचीही भेट मागावी. त्याच वेळी घरी एक फाइल तयार करावी. मागील दोन-तीन वर्षांची प्रगतिपत्रके, जन्मदाखला, आधार कार्ड आणि छायाचित्रे यांच्याबरोबर मुलाच्या मूळ वह्या त्यात हव्यात. पुष्कळ पालक संकोचाने त्यातल्या त्यात नीटनेटकी वही निवडतात किंवा चुका खोडून नेतात. तसे करू नये, कारण तपासणाऱ्याला त्या चुकाच वाचायच्या असतात.

त्यानंतर नेत्रतपासणी आणि श्रवणतपासणी करून घ्यावी. ऐकण्यात किंवा दिसण्यात दोष असेल तर पुढील निष्कर्षांची दिशाच बदलते. बालरोगतज्ज्ञ मुलाचा जन्मापासूनचा इतिहास विचारतात. बोलायला, चालायला केव्हा लागला, झटके आले होते का, हे आधीच टिपून नेलेले बरे.

मुख्य तपासणी दोन भागांत होते. प्रथम मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन चाचणी घेतात. मिसिक (मालिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी) किंवा मराठी-कन्नडसाठी रूपांतरित झालेली बिने-कामत या चाचण्या आपल्याकडे रूढ आहेत. बुद्ध्यंक ८५ पेक्षा अधिक आल्यास वाचन, लेखन व गणिताची स्वतंत्र चाचणी होते. ही चाचणी कोणत्या भाषेत घेणार, हे पालकांनी अवश्य विचारावे. घरी मराठी बोलणाऱ्या आणि इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाची अडचण खरोखर अध्ययन अक्षमतेची आहे की भाषेचा सराव नसल्याची, हे केवळ इंग्रजी चाचणीवरून ठरवणे योग्य नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेले 'डाली' हे वाचनातील अक्षमता तपासण्याचे साधन मराठीतही उपलब्ध आहे. खासगी तज्ज्ञांकडे जात असाल तर त्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा.

मुलाला काय सांगायचे, याचा विचार आदल्या रात्रीपर्यंत लांबवू नये. 'डॉक्टरकडे जायचे आहे' एवढेच सांगितले तर ते इंजेक्शनच्या भीतीने जाते. 'परीक्षा आहे' म्हटले तर आणखी एका नापाशीच्या तयारीने. "तुला कशा पद्धतीने शिकवले म्हणजे सोपे जाईल, हे आपण ताईंकडून समजून घेणार आहोत. न आलेले उत्तर सोडून दिले तरी चालेल," असे सरळ सांगावे. चाचणीपूर्वी घरी सराव मुळीच घेऊ नये.

खासगी अहवाल अध्यापनाची दिशा ठरवण्यास उपयोगी पडतो, परंतु परीक्षेच्या सवलतींसाठी तो पुरेसा आहे असे गृहीत धरू नये. शासकीय प्रमाणपत्रासाठी 'स्वावलंबन' या दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील एलडी क्लिनिक (अध्ययन अक्षमता तपासणी केंद्र) या कामासाठी सर्वपरिचित आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करावी. तारीख मिळण्यास बराच काळ जाऊ शकतो, त्यामुळे परीक्षेच्या वर्षाची वाट पाहू नये. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र यांपैकी आपल्या मुलाला काय लागू होते, हे शाळेकडून बोर्डाच्या चालू नियमांनुसार लेखी घ्यावे.

बुद्ध्यंक ७० ते ८५ च्या दरम्यान आलेल्या मुलांना हे प्रमाणपत्र मिळत नाही. या मुलांची फार ओढाताण होते, कारण शिकताना त्यांना मदत तर लागतेच, पण ती मागायला हाती कागद नसतो. त्यांच्या पालकांनी अहवालाच्या आधारे अध्यापनातील बदलांचा आग्रह धरावा. त्यासाठी प्रमाणपत्राची गरज नसते.

अहवाल हाती आल्यावर तो समजेल अशा मराठीत समजावून मागावा, आणि वर्गशिक्षकांसमवेत बसून त्याचे कामात रूपांतर करावे. 'लक्ष देऊ' या आश्वासनावर न थांबता जोडाक्षरांचे वाचन कोण घेणार, आठवड्यातून किती वेळा, आणि तीन महिन्यांनी त्याची पडताळणी कशी होणार, हे लिहून घ्यावे. प्रमाणपत्राचे नूतनीकरण वयाच्या चौदाव्या आणि अठराव्या वर्षी करावे लागते; अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते. प्रमाणपत्राबाबतचा निर्णय मान्य नसल्यास याच अधिनियमाच्या कलम ५९ नुसार अपील करता येते, आणि त्या वेळी पोच घेतलेले अर्ज, मूळ वह्या व सर्व अहवाल तारखेनुसार लावलेले असतील तर बाजू मांडणे सोपे जाते.