घरी ‘पिअर्सिंग’ मागताना या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत टोचण्याला तसा कोणाचा विरोध नसतो. बाळ वर्षाचं व्हायच्या आत त्याचे कान टोचून होतात. आजीच्या डब्यात बुगडी असते, आणि लग्नात फेटा चढला की नवरदेवाच्या कानावर भिकबाळीही येते. तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने ‘पिअर्सिंग’ म्हटलं की पहिल्याच वाक्याला ‘नाही’ येतं. ते ‘नाही’ बहुतेक वेळा टोचण्याला नसतं, पुढच्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतात त्याला असतं. कुठे, कधी, कोणाकडून, किती दिवस आणि बिघडलं तर काय, हे पाच प्रश्न आई-बाबा विचारणारच.

जागा न सांगता मागणं

नुसतं ‘पिअर्सिंग’ म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर जीभ आणि भुवई उभी राहते. तुम्हाला हवं असतं पाळीवरचं दुसरं भोक. मग तेच सांगा: ‘आई, पाळीला दुसरं भोक पाडायचंय, एका कानाला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. जागा बघून ठेवलीय, तू एकदा बरोबर चल.’ आधी बेंबी मागायची आणि घासाघीस करत कानावर यायचं, ही युक्ती घरात चालत नाही. बेंबीचं नाव निघालं की कानाचीही गोष्ट संपते.

एका वेळी एकच जागा मागा. हे शिष्टाचारापुरतं नाही. एका कुशीवर झोपायला कान मोकळा लागतो, आणि चार जखमा एकदम भरताना नेमकी कोणती बिघडतेय हे कळत नाही.

‘महिन्याभरात बरं होतं’ असं ठोकून देणं

बाबा हेच मोबाइलवर बघतील आणि तुमचा शब्द तिथेच पडेल. कानाची पाळी भरायला ६ ते ८ आठवडे लागतात. नाकपुडीला काही महिने. कानाची वरची कड, म्हणजे बुगडीची जागा, ६ ते १२ महिने घेते आणि बेंबीलाही तेवढेच लागतात. पाळी कातडी आणि चरबीची असते, रक्तपुरवठा भरपूर. वरची कड कूर्चेची, म्हणजे कार्टिलेजची. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती भोवतालच्या आवरणावर जगते, म्हणून जखम सावकाश भरते आणि जंतू शिरले तर औषधही सावकाश पोहोचतं. बुगडीचं उदाहरण द्यायचं असेल तर हे ठाऊक ठेवूनच द्या. ‘आजीने घातलेली चालते, मग मी का नको’ हा टोमणा झाला. ‘आजीच्या बुगडीच्याच जागी हवंय, पण भरायला वर्ष लागेल हे मला माहीत आहे’ याने बोलणं पुढे सरकतं.

चुकीची तारीख

इथे सर्वांत जास्त अर्ज नापास होतात, म्हणून जरा थांबू.

बारावीला असाल आणि ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणार असाल, तर ती साधारण मेच्या सुरुवातीला असते. तिच्या नियमांप्रमाणे कानातलं, चमकी, अंगठी, साखळी यांतलं काही अंगावर चालत नाही. जानेवारीत कानाची कड टोचली तर मेमध्ये ती अर्धवटच भरलेली असते. दांडी काढली की काही तासांतच भोक आवळायला लागतं, आणि संध्याकाळी परत घालताना आतली कोवळी कातडी फाटते. ज्या शहरात दर दुसऱ्या गल्लीत कोचिंगची पाटी आहे, तिथे हे गणित तुम्ही आधी मांडलंत तर बाबांकडे फारसं उरत नाही.

दहावी-बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यातच रंगपंचमी. राजवाड्यावरच्या गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, टँकरने रंग उडतो आणि गुलालाचे ढग उठतात. आठ दिवसांच्या भोकात ते रंगीत पाणी गेलं तर महिनाभर निस्तरत बसाल. ‘नीट’ द्यायची नसेल तर पाळीसाठी रंगपंचमी उलटल्यावरचा एप्रिलचा पहिला आठवडा चांगला, जूनच्या मध्यापर्यंत ती भरलेली असते. उन्हाळ्यात घाम येईल, पण तो रोजच्या अंघोळीने जातो. स्विमिंगची बॅच लावली असेल तर मात्र टोचणं पुढे ढकला, कारण भरेपर्यंत तलाव वर्ज्य. कानाच्या कडेसाठी कुठलीच सुट्टी पुरत नाही. म्हणून शाळेची डायरी आधी वाचा. पुष्कळ शाळांत पाळीवरचा एक छोटा खडा एवढंच चालतं, मुलांना तेही नाही. शाळा नाही म्हणत असेल तर घरी विचारून उपयोग नाही.

आणि निकालाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर किंवा बाबा गाडी चालवत असताना विचारू नका.

सोनार की स्टुडिओ, हे न ठरवता जाणं

‘सोनारानेच कान टोचलेले बरे’ ही म्हण खरी, पण ती पाळीपुरती. सराफ्यातला अनुभवी हात पाळी सरळ टोचतो. तरी तार नवी आहे का, निर्जंतुक कशी केली, हात धुतले का, हे विचारायचं. नुसती ज्योतीवर धरलेली किंवा स्पिरिटने पुसलेली तार निर्जंतुक होत नाही. बावीस कॅरेटचं सोनं मऊ असतं, त्यावर बारीक चरे पडतात आणि चऱ्यांत घाण धरते. नव्या जखमेत १४ ते १८ कॅरेटचं निकेल नसलेलं सोनं किंवा इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाचं, टायटेनियम बरं. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं. ज्यांना खोट्या दागिन्यांनी किंवा जीन्सच्या बटणाने खाज सुटते, त्यांनी हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टोचायची बंदूक नको. ती बोथट खडा जोराने दाबून घुसवते. पाळी ते सोसते, कूर्चा चेंगरते. प्लॅस्टिकची बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकता येत नाही, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचं रक्त नुसतं पुसलेलं असतं. चांगल्या पिअर्सिंग स्टुडिओत पोकळ सुई असते, एकदाच वापरायची, तुमच्यासमोर पाकीट फोडलेली. निळ्या दिव्याची पेटी दाखवून ‘हे स्टरलाइज’ असं कोणी म्हणालं तर उठा. त्या पेटीने हत्यारं निर्जंतुक होत नाहीत, ऑटोक्लेव्ह लागतो. अठराच्या आतल्यांकडून पालकाची सही आणि ओळखपत्र न मागणारं दुकानही टाळा. जे सही विचारत नाहीत ते बाकीचंही फारसं विचारत नसतात.

आईला टोचायच्या दिवशी नेऊ नका. आधी एकदा नुसतं बघायला न्या.

खर्च कागदावर मांडा: टोचणावळ, दागिना, सलाइन आणि काही आठवड्यांनी लागणारी आखूड दांडी. ही चौथी बाब बहुतेक जण विसरतात आणि मग दुसऱ्यांदा पैसे मागायची वेळ येते.

प्रकृतीचं लपवणं

घरात कोणाच्या जखमेवर गाठीसारखा व्रण वाढतो का? तो केलॉइड असू शकतो. घरात असेल तर तुम्हालाही व्हायची शक्यता वाढते, आणि कान ही त्याची आवडती जागा. मधुमेह, जन्मजात हृदयविकार, रक्त लवकर न थांबणं, टोचायच्या जागी एक्झिमा, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लसीचं कार्ड काढा. धनुर्वाताची टीडी १० आणि १६ व्या वर्षी असते. सोळाची राहिली असेल तर ती घ्या. हे कार्ड स्वतःहून आईसमोर ठेवलंत तर निम्मं काम होतं.

‘नाही’ आल्यावर वाद घालणं

‘नाही’ म्हणजे नेमकं काय, ते शांतपणे विचारून घ्या. पिकण्याची भीती असेल तर स्टुडिओ आणि डॉक्टर हे उत्तर. शाळा असेल तर तारीख. ‘लोक काय म्हणतील’ असेल तर तुमच्या बोलण्याने काही होणार नाही. तिथे आत्या, मावशी किंवा आजीने शब्द टाकावा लागतो; सोनाराची ती म्हण इथे खऱ्या अर्थाने लागू पडते. नुसतं दिसण्याबद्दल असेल तर पंधरा दिवस दाबाचं कानातलं किंवा दाबाची चमकी घालून वावरा. घरच्यांचे डोळे सरावतात. कधीकधी आपलाच हट्ट पंधरा दिवसांत उतरतो, तेही वाईट नाही. नाकाला लोहचुंबकाच्या जोड्या मात्र लावू नका. त्या आतून एकमेकांना चिकटून मधला पडदा दाबतात, निसटल्या तर गिळल्याही जातात.

चोरून टोचणं ही शेवटची आणि सगळ्यांत महाग चूक. बर्फ आणि सेफ्टी पिन घेऊन मैत्रिणीच्या घरी टोचलेलं भोक तिरकं जातं, आणि सुजलं की ते केसांखाली लपवलं जातं. लपवण्यात गेलेले दोन दिवस कूर्चेला परवडत नाहीत. पाळी नीट, पण वरची कड लाल, गरम, ठणकणारी झाली तर तो कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. उशीर झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. दांडी आपल्या हाताने उपटू नका. भोक वरून मिटलं की पू आत कोंडतो. आणि हो, तोवर घरी सांगा. ओरडा खाऊन कान वाचत असेल तर सौदा स्वस्त आहे.

परवानगी मिळाल्यावरचा बिघाड

पुढची परवानगी याच भोकावर ठरते. दिवसातून एक-दोनदा औषधाच्या दुकानातलं ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन लावा, सुटलेली खपली ओलसर गॉजने टिपा, कोरडं करा, झालं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नवी कातडी जाळतात. घरी मीठ कालवलं तर ते बहुतेक वेळा जास्तच खारं होतं. दांडी गोल फिरवायची जुनी सवय सोडा, खपली आत ओढली जाऊन जखम पुन्हा उघडते. सुरुवातीची थोडी सूज आणि पांढरट, सुकणारा स्राव नेहमीचाच. घट्ट पिवळा-हिरवा पू, वाढती लाली किंवा ताप आला तर डॉक्टर.

आजी हळद-खोबरेल घेऊन येईल, कडुलिंबाची काडीही सुचवेल. तिला अंधश्रद्धा वगैरे म्हणू नका. तेलाचा लेप भोक बुजवतो आणि आतलं पाणी बाहेर पडू देत नाही, एवढंच सांगा, आणि उशीचा अभ्रा दर दोन दिवसांनी बदलायचं खातं तिच्याकडे द्या. हेल्मेट, कंगवा आणि ओढणी यांच्यापासून जपा, बिघाडाची निम्मी कारणं तिथलीच.

सूज सामावावी म्हणून पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात. ४ ते ८ आठवड्यांनी सूज उतरली की तीच लांबी केसांत अडकते, भोक तिरकं करते आणि कडेला लाल गाठ उठवते. तेव्हा त्याच ठिकाणी जाऊन आखूड दांडी बसवून घ्या. स्वतः बदलू नका, आणि त्या दिवशीही आईला बरोबर न्या.