पाळीच्या दुखण्यामुळे मुलीची शाळा बुडत असेल तर काय करायचं

माझ्या लेकीची दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडायची आणि मी दर वेळी चिठ्ठीत लिहायचे, पोट बिघडलंय. दोन वर्षं असंच चाललं. एकदा बसून हिशोब केला तर महिन्याला 2 दिवस म्हणजे 10 महिन्यांत 20 दिवस, इतकी शाळा गेली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण मीच ते लपवत होते. म्हणून पहिलं काम हेच, मोजायला लागा.

कॅलेंडरवर किंवा मोबाईलमध्ये पाळीची तारीख, दुखणं 10 पैकी किती, किती तास, उलटी किंवा चक्कर आली का, गोळी किती वाजता घेतली आणि फरक पडला का, आणि शाळा बुडली की नाही, एवढं लिहायचं. शाळेत गेली पण बाकावर डोकं ठेवून बसली असेल तर तेही लिहा, तो दिवसही गेल्यातच जमा आहे. अशी 2-3 महिन्यांची नोंद डॉक्टरसमोर ठेवली की "होतं असं या वयात" म्हणून परत पाठवणं अवघड जातं.

आता दुखतं का ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी गर्भाशय जोरात आवळतं, तिथला रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळा येतात. मळमळ, जुलाब, डोकेदुखी हेही बऱ्याचदा त्यातूनच येतं. आणि पहिली पाळी आल्याआल्या हे दुखणं सहसा नसतं, दर महिन्याला बीज सुटायला लागलं की मग सुरू होतं, म्हणजे सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी त्याहून उशिरा. "आधी तर काही नव्हतं, आता नाटकं सुरू झाली" असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हे नक्की सांगा.

गोळीबद्दल बहुतेक घरांत एकच चूक होते, सहन होईना झालं की मग द्यायची. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात, त्यामुळे ती आधीच भरपूर तयार झाल्यावर गोळी घेतली तर फायदा कमी. पाळी सुरू झाली किंवा कळ जाणवायला लागली की लगेच, काहीतरी खाऊन, आणि पुढचे दोन-तीन दिवस डॉक्टरने सांगितलेल्या अंतराने. डोस वय-वजनावर ठरतो म्हणून एकदा विचारूनच घ्या, आणि दमा, पोटात अल्सर, किडनीचा त्रास किंवा कुठल्या गोळीची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ॲस्पिरिन मात्र 16 वर्षांखालच्या मुलींना स्वतःहून देऊ नका.

सोबत ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, कपड्यावरून, चटका बसेल इतकी गरम नको. याने खरंच आराम पडतो. एरवी आठवड्यातून तीनेक वेळा व्यायाम असेल तर पुढच्या पाळ्यांचं दुखणं कमी होतं, पण कळा येत असताना "चल उठ, धाव" असं कुणी करू नये.

शाळेशी बोलणं मला सगळ्यात जड गेलं, पण फरकही त्यानेच पडला. पाळीच्या दिवशी जाऊ नका, आधीच एखाद्या शांत दिवशी वर्गशिक्षकांना भेटा आणि नेमकं मागा: न विचारता टॉयलेटला जायची परवानगी, सोबत पाण्याची बाटली, अर्धा तास आडवं व्हायला जागा, त्या दिवशी खेळाच्या तासाला सूट, आणि गोळी कुणाकडे ठेवायची ते. काही शाळांत मुलींना स्वतःजवळ औषध ठेवू देत नाहीत, मग गोळी ऑफिसात आणि मुलगी वर्गात कळवळतेय असं होतं, म्हणून हे आधीच ठरवून घ्या. शिक्षक पुरुष असतील तर मुलीने एवढंच म्हटलं तरी पुरे, "सर, मला पाळीचा त्रास होतोय, मी बाहेर जाते." घरी दोनदा बोलून बघा, जमतं. आणि चिठ्ठीत खरं कारण लिहा. वह्या देणारी एक मैत्रीणही ठरवून ठेवा, नाहीतर बुडलेल्या गणिताचं टेन्शन वेगळंच.

21,000 हून जास्त तरुण मुलींची माहिती एकत्र करून 2019 मध्ये छापलेल्या एका आढाव्यात साधारण दर 5 पैकी 1 मुलगी या दुखण्याने शाळा-कॉलेज बुडवते असं आढळलं, तेव्हा तुमची मुलगी एकटी नाही. पण खूप जणींना होतं म्हणून ते सोडून द्यायचं असंही नाही.

गोळ्या वेळेवर घेऊनही तीन पाळ्यांत फरक पडला नाही, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, शी-शू करताना दुखतं किंवा दर महिन्याला दुखणं वाढतच चाललंय, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, साधारण 10 टक्के बायकांना असतो, त्याची सुरुवात शाळेच्या वयातही होते, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाहीच असं नसतं. तासाला एक पॅड भिजत असेल, ताप असेल, चक्कर येऊन पडली असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि पाळी अजून आलीच नाहीये पण दर महिन्याला पोट दुखतं, असं असेल तरी दाखवा, क्वचित रक्त बाहेर यायची वाटच बंद असते. डॉक्टरने हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या तर घाबरू नका, त्याने पुढे मूल होत नाही ही भीती खोटी आहे. तपासणीत काय करणार ते डॉक्टरांना मुलीला आधी समजावून सांगायला लावा, आणि तीन महिन्यांनी परत दाखवायची तारीख घेऊनच बाहेर पडा.