हट्ट, आदळआपट, उलट उत्तरं: मुलांचं अवघड वागणं हाताळताना

मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतं, कारण त्यातून त्याच्या हाती काहीतरी लागतं. ते काय लागतं हे कळण्याआधी केलेले बहुतेक उपाय वाया जातात, काही तर उलटतात. म्हणून शिक्षा, बक्षीस, तक्ते यांच्या आधी शोध.

हाती लागणाऱ्या गोष्टी ढोबळमानाने चार. मोठ्यांचं लक्ष (रागावणं हेही लक्षच), नको असलेल्या कामातून सुटका, हवी असलेली वस्तू, आणि शरीराला मिळणारा आराम किंवा उत्तेजना, उदाहरणार्थ गोंगाटात कान दाबून किंचाळणं. वरून अगदी एकसारखं दिसणारं वागणं दोन मुलांत दोन वेगळ्या कारणांनी होत असतं, आणि दोघांना एकच औषध लागू पडत नाही.

कारण शोधायला एक वही आणि एक आठवडा पुरतो. तीन रकाने आखायचे: लगेच आधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, लगेच नंतर काय झालं. शेजारी वेळ, जागा, समोर कोण होतं, आणि आदल्या रात्रीची झोप. मधल्या रकान्यात शेरे नकोत. ‘उद्धटपणा केला’ यावरून काही कळत नाही. ‘वही जमिनीवर फेकली, “नाही करणार” असं तीनदा ओरडला’ यावरून कळतं. सात दिवसांनी वाचताना पाहायचं ते तिसऱ्या रकान्यात. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

समजा, नऊ वर्षांचा मुलगा गणिताला बसवलं की वही फेकतो. आई रागावते, ‘जा तिकडे, माझ्यासमोर येऊ नकोस’ म्हणते. तो जातो, गणित राहून जातं. आईच्या लेखी ही शिक्षा झाली. मुलाला मात्र हवं तेच मिळालं. इथे शिक्षा जितकी कडक, तितकी वही जोरात फेकली जाणार. उपाय दुसरीकडे आहे. वीसऐवजी पाच गणितं द्यायची, पहिली दोन हमखास येणारी. ‘मला थोडं थांबायचंय’ असं म्हणायला शिकवायचं, आणि तसं म्हटलं की लगेच तीन मिनिटांची सुट्टी द्यायची. मात्र वही फेकली म्हणून काम संपत नाही. शांत झाल्यावर तीच वही पुन्हा समोर येते, हवं तर एकच गणित राहिलेलं असेल. सोबत हेही तपासायचं, की त्याला गणित येत नाही, की उदाहरण वाचताच येत नाही, की फळ्यावरचं नीट दिसत नाही. न जमणाऱ्या गोष्टीवर शिस्तीचा उपाय चालत नाही.

शरीराकडेही आधीच बघायचं. बद्धकोष्ठता, दातदुखी, कानदुखी, नुकतंच सुरू झालेलं एखादं औषध यांतून चिडचिड वाढते, आणि बोलता न येणारं मूल दुखणं वागण्यातूनच सांगतं. झोपेचा हिशोब साधा आहे: 3 ते 5 वर्षांना दिवसभरात 10 ते 13 तास, 6 ते 12 वर्षांना 9 ते 12, आणि 13 ते 18 वर्षांना 8 ते 10 तास. अपुऱ्या झोपेचं मूल दरवेळी पेंगुळलेलं दिसत नाही. पुष्कळदा ते जास्तच उधळतं.

सांगायचं कसं

घरातले निम्मे वाद सूचना देण्याच्या पद्धतीतून सुरू होतात. दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगितलेलं न ऐकणं ही मुलांना लागलेली सवय असते, आणि ती आपणच लावलेली असते: चार वेळा सांगितलं तरी काही होत नाही, पाचव्यांदा आवाज चढतो, तेव्हाच उठायचं असतं, एवढं त्यांना कळलेलं असतं.

जवळ जायचं, नाव घ्यायचं, नजर वर होईपर्यंत थांबायचं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. काय करू नये यापेक्षा काय करायचं ते सांगावं. ‘पळू नकोस’पेक्षा ‘चालत ये’ पटकन उमगतं. जिथे ‘नाही’ हे उत्तर चालणार नाही तिथे ‘आवरशील का?’ असं विचारू नये. मग मनातल्या मनात पाच ते दहा आकडे मोजायचे. हा वेळ खूप लांब वाटतो आणि बहुतेकजण तिसऱ्या सेकंदाला पुन्हा बोलायला लागतात. ऐकलं नाही, तर एकदाच, आवाज न चढवता, परिणामासकट सांगायचं: ‘ठोकळे आत्ता डब्यात गेले नाहीत, तर उद्या सकाळपर्यंत मी ते वर ठेवणार.’ आणि तसं करायचंच. जे आपल्याला निभावता येणार नाही ते बोलून दाखवू नये.

खेळ थांबवायचा असेल तर आधी कल्पना द्यावी. लहान मुलांना ‘पाच मिनिटं’ समजत नाहीत. ‘आणखी दोन वेळा घसरगुंडी, मग निघायचं’ हे समजतं.

कौतुकाचंही तंत्र आहे. ते काही सेकंदांत आणि नेमकं हवं. ‘शहाणा माझा’ यापेक्षा ‘ताईने खेळणं घेतलं तरी मारलं नाहीस, मला येऊन सांगितलंस’ यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. शेवटी टोमणा जोडू नये. ‘आज बरं जमलं, रोज काय होतं?’ यात कौतुक पुसलं जातं. रोज दहा-पंधरा मिनिटं मूल म्हणेल तो खेळ, सूचना आणि प्रश्न न करता, हा वेळ द्यावा, आणि दिवस वाईट गेला म्हणून तो कापू नये. लक्षासाठी चाललेला धिंगाणा कमी करायचा असेल, तर लक्ष मिळण्याचा दुसरा, खात्रीचा रस्ता असावा लागतो.

दुर्लक्ष करताना

कुरकुर, भोकाड पसरणं, चिडवणारे आवाज हे लक्षासाठी असतील तर दुर्लक्ष हा चांगला उपाय आहे. पण सुरू केल्यावर वागणं आधी वाढतं. जे बटण काल चालत होतं ते आज चाललं नाही, तर आपणही ते दोन-चारदा जोरात दाबतोच. नेमकं याच टप्प्यावर घरातलं कोणीतरी विरघळतं. दहाव्या मिनिटाला चॉकलेट मिळालं, की दहा मिनिटं रडावं लागतं हा धडा पक्का होतो, आणि कधी मिळतं कधी नाही अशी स्थिती असली तर तो मोडायला सर्वांत अवघड जातो. म्हणून आजी-आजोबांसकट सगळ्यांचं आधी ठरलेलं असावं. शेवटपर्यंत तग धरणं शक्य नसेल, तर त्या दिवशी सुरुवातीलाच ‘हो’ म्हणावं. ते कमी नुकसानीचं आहे.

मारहाण, रस्त्यावर धावणं, स्वतःला इजा करणं याकडे दुर्लक्ष कधीच नाही. आणि सुटकेसाठी चाललेल्या वागण्याकडे दुर्लक्ष केलं, तर तीही सुटकाच ठरते.

शांत जागी एकटं बसवणं साधारण तीन ते आठ वर्षांपर्यंत उपयोगी पडतं. दोन ते पाच मिनिटं पुरतात. वेळ वाढवून परिणाम वाढत नाही. अंधारी खोली, कडी लावणं हे वर्ज्य. वेळ संपल्यावर मूळ सूचना पुन्हा द्यायची, नाहीतर हीदेखील पळवाट होते. चांदण्यांचा तक्ता (ठरलेलं वागणं जमलं की चांदणी चिकटवायचा कागद) लावलात तर एक-दोनच वागणुकी निवडा, पहिल्या दोन दिवसांत मुलाला यश मिळेल इतकं सोपं ठेवा, आणि कमावलेली चांदणी रागाच्या भरात काढून घेऊ नका.

माराबद्दल स्पष्ट सांगायला हवं. मारल्यावर वागणं त्या क्षणी थांबतं, म्हणूनच मोठ्यांचा हात पुन्हा उठतो. पुढे मात्र मुलाची आक्रमकता वाढते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतल्या निरीक्षणांतून हे चक्र मांडलं: कधी मूल आरडाओरडा करतं आणि मोठे माघार घेतात, कधी मोठे त्याहून जोरात ओरडतात आणि मूल माघार घेतं. दोघांनाही चढा आवाज फळतो, आणि दर खेपेला पट्टी वर जाते.

भडका उडाल्यावर

त्या क्षणी काही शिकवता येत नाही. समजावणं, ‘का केलंस?’ विचारणं, शिक्षा जाहीर करणं हे सगळं आगीत तेल आहे. आवाज खाली, शब्द थोडे: ‘मी इथेच आहे.’ दोन हातांचं अंतर, किंचित तिरकं उभं राहणं, दरवाजा न अडवणं. भावंडांना बाहेर न्यायचं, फेकता येतील अशा वस्तू हलवायच्या. भडका ओसरल्यावरही शरीर शांत व्हायला अर्धा तास किंवा जास्त लागू शकतो. घाईने बोलायला गेलं की दुसरा भडका उडतो. नंतरचं बोलणं पाच मिनिटांचं असावं, आणि त्यात पुढच्या वेळी काय करायचं हेच जास्त.

किशोरवयात

इथे चांदण्या चालत नाहीत. मेंदूचा आवेग आवरणारा, पुढचा विचार करणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, आणि या वयात झोपेचं घड्याळ नैसर्गिकरीत्याच पुढे सरकतं, त्यामुळे रात्री झोप न येणं हा सगळाच आळस नसतो. नियम थोडे ठेवावेत: सुरक्षिततेचे तीन-चार न बदलणारे, बाकीचे चर्चेने ठरणारे. केस, कपडे, खोलीतला पसारा यांवर लढाईची ताकद खर्च करू नये. कुठे आहे, कोणासोबत आहे, कधी येणार हे मात्र माहीत असायलाच हवं.

वाद होणाऱ्या गोष्टीवर शांत वेळी बसावं. समोरासमोर बसण्यापेक्षा चालताना किंवा भांडी आवरताना बोलणं सोपं जातं. समजा, आई आणि मुलगी बोलताहेत:

‘रात्री मोबाइल बाहेर ठेवायचा विषय निघाला की आपलं वाजतं. तुला त्यात काय अवघड जातं?’
‘सगळे अकरानंतरच बोलतात. मी नसले की सकाळी मला काही माहीतच नसतं.’
‘म्हणजे वगळल्यासारखं वाटतं. मला काळजी झोपेची आहे, सहाला उठवत नाही तुला. दोन्ही जमेल असं काय करता येईल?’

पहिला तोडगा मुलीला सुचवू द्यावा, तो कच्चा असला तरी. दोन आठवड्यांसाठी करून बघायचं, मग पुन्हा बसायचं, असं कागदावर लिहावं. नियम मोडल्यावरचा परिणाम एका दिवसाचा पुरतो. महिनाभर सगळंच काढून घेतलं, की गमावण्यासारखं काही उरत नाही आणि आपल्याही हातात काही राहत नाही.

मदत कधी घ्यावी

वागण्यात अचानक बदल, एकटं पडणं, शाळेत जायला ठाम नकार, प्राण्यांना क्रूर वागवणं, आगी लावणं, नशा, इतरांना इजा, किंवा सहा महिन्यांहून जास्त टिकलेला विरोध आणि चिडखोरपणा यांपैकी काही असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. लहान वयात बोलणं उशिरा येणं, हाकेला प्रतिसाद नसणं असेल तर श्रवणचाचणी आणि विकासाची तपासणी आधी.

मरणाची भाषा, स्वतःला कापून घेणं हे ‘लक्ष वेधायला’ म्हणून सोडून देऊ नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. एकटं सोडू नये, औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवाव्यात, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

बाकी भेटींसाठी जाताना ती तीन रकान्यांची वही, शाळेतल्या शिक्षकांचं लेखी निरीक्षण आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी.