डान्स-पॉप सिंगल रिलीज करताना: मास्टरपासून प्रतिसाद वाचण्यापर्यंत

डान्स-पॉप गाण्याचे श्रोते दोन प्रकारचे. एक हेडफोन लावून ऐकणारे, दुसरे नाचणारे. आणि नाचणाऱ्यांपर्यंत गाणं पोचतं ते डीजेच्या हातून. दोघांसाठी फाइल वेगळी लागते, दोघांपर्यंत पोचायला लागणारा वेळ वेगळा असतो आणि दोघांचा प्रतिसाद दिसतोही वेगवेगळ्या ठिकाणी. बरीचशी सिंगल्स पहिल्या प्रकारापुरतीच तयार केली जातात आणि आठवडाभरात ‘चाललं नाही’ म्हणून सोडून दिली जातात. हा निकाल घाईचा असतो.

तारीख आणि मागचे सहा आठवडे

शुक्रवार सोडून दुसरा वार धरू नका. १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन संगीत शुक्रवारी येतं. अमेरिकेच्या बिलबोर्डच्या हॉट १०० या चार्टसाठी स्ट्रीम आणि विक्री मोजण्याचा आठवडा आणि ब्रिटनच्या अधिकृत चार्टचा आठवडा, दोन्ही शुक्रवार ते गुरुवार चालतात. सोमवारी गाणं आणलं तर पहिल्या आठवड्यातले चारच दिवस हाती राहतात.

अंतिम मास्टर (रिलीजसाठी तयार झालेली शेवटची फाइल) हातात आल्यापासून किमान सहा आठवड्यांनंतरचा शुक्रवार निवडा. चार आठवडे आधी गाणं डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ते स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मवर पोचवणाऱ्या सेवेकडे, गेलेलं हवं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं पाठवता येतं ते रिलीज होण्याआधीच. सात दिवस आधी पाठवलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टमध्ये) ते नक्की जातं, पण संपादकांना ऐकायला वेळ मिळावा म्हणून तीन आठवडे हाताशी ठेवा. वर्णनाला ५०० अक्षरं मिळतात. ती गाण्याची स्तुती करण्यात घालवू नका. टेम्पो किती, आवाज कोणाचा, कोणती वाद्यं ठळक आहेत, व्हिडिओ कधी येणार, कोणते डीजे आधीपासून वाजवत आहेत, एवढं लिहा.

किती आवृत्त्या?

चार: सुमारे तीन मिनिटांची रेडिओ एडिट, पाच ते सहा मिनिटांचा एक्स्टेंडेड मिक्स, इन्स्ट्रुमेंटल आणि नुसता गायकाचा आवाज असलेली अकापेला. अकापेला सार्वजनिक करायची गरज नाही. रीमिक्स करणाऱ्यांना आणि विश्वासातल्या डीजेंना ती द्यायची.

सगळ्यात जास्त चुका एक्स्टेंडेड मिक्समध्ये होतात. रेडिओ एडिटचे कोरस दोनदा चिकटवले की एक्स्टेंडेड मिक्स होत नाही. डीजेला हवी असते मोकळी सुरुवात आणि मोकळा शेवट, प्रत्येकी १६ किंवा ३२ बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट). १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) एक बार साधारण १.९४ सेकंदांचा, म्हणजे ३२ बारला ६२ सेकंद. या भागात किक, हायहॅट, क्लॅप हे ड्रमचे ठेके असू द्या. कॉर्ड आणि गायकाचा आवाज नको, कारण त्या वेळी आधीचं गाणं अजून वाजत असतं आणि दोन्हींचे सूर एकमेकांवर आदळतात. बेस शेवटच्या आठ बारांत आणला तरी चालतो. सगळे बदल आठ बारांच्या पटीत ठेवा. नाट्यमयता म्हणून मध्येच एक जादा बार घातला, तर त्यापुढचं सगळं मिक्सिंग एका बारने घसरतं, आणि असं गाणं डीजे दुसऱ्यांदा लावत नाही. फाइल पहिल्या किकवर सुरू व्हायला हवी, आधी शांतता नको. फाइलच्या नावातच बीपीएम आणि ‘की’ (गाण्याची स्वरपट्टी) लिहा.

ही गरज जुनीच आहे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या साल्सोल लेबलने ‘टेन पर्सेंट’ हे गाणं डीजे वॉल्टर गिबन्सच्या लांबवलेल्या मिक्ससह बारा इंची तबकडीवर विक्रीला आणलं, ते नाचणाऱ्यांना तीन मिनिटं पुरत नाहीत म्हणूनच.

मास्टरिंगचं थोडक्यात. स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांचा जोर उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास जुळवतं. डान्स-पॉपचा मास्टर उणे ८-९ पर्यंत जोरात असतो. तसा असायला हरकत नाही, पण ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, एवढ्या जोरातल्या मास्टरला उणे २ बरा. लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) जास्त दाबला की किकची धार जाते. मग प्लॅटफॉर्मने आवाज खाली आणल्यावर तेच गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा बसकं वाटतं. साधारण १०० हर्ट्झच्या खालचा बेस मोनो (डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये सारखाच) ठेवा. शेवटी गाणं फोनच्या स्पीकरवर ऐका. बेसलाइन गायब होत असेल तर बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखर देणारा इफेक्ट) द्या, म्हणजे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच सुराचे उंच उपस्वर, ऐकू येतात.

कागदपत्रं आणि मेटाडेटा

गीतकार, संगीतकार, प्रोड्युसर, टॉपलाइन (गायची चाल आणि शब्द) लिहिणारा यांच्या वाट्यांची बेरीज १०० टक्के असलेला कागद रिलीजआधी सह्या करून ठेवा. गाणं चालल्यावर हा विषय काढला की मैत्री पणाला लागते. जुन्या गाण्याचा तुकडा थेट घेतला असेल तर दोन परवानग्या लागतात, रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि रचनेच्या मालकाची. तीच धून स्वतः वाजवून घेतली तर रचनेची पुरते.

विकतच्या पॅकमधला लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) गाण्यात ठळक असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे व्हिडिओंतली गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, ते गाणं नोंदवू नका. तोच लूप वापरलेल्या इतरांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे लागतात, आणि त्या तक्रारी परत तुमच्याकडेच येतात.

प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी क्रमांक तोच ठेवा, नाहीतर प्लेचा आकडा शून्यावर येऊ शकतो. ‘एक्स्टेंडेड मिक्स’ हे शब्द शीर्षकात न घालता आवृत्तीच्या रकान्यात लिहा. तुमच्या नावाचे दुसरे कलाकार असतील तर अपलोड करतानाच आपल्या प्रोफाइलची लिंक द्या. चुकीच्या पानावर गेलेलं गाणं परत आणण्यात रिलीजचा आठवडा निघून जातो. कव्हर ३००० × ३००० पिक्सेलचं, चौरस. त्यावर वेबसाइट, सोशल हँडल किंवा किंमत असेल तर ते नाकारलं जातं.

छोट्या व्हिडिओंसाठी कोणता तुकडा द्यायचा, हे डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये सुरुवातीची वेळ लिहून ठरवता येतं. हा रकाना रिकामा सोडू नका, तुकडा यंत्राच्या मर्जीवर जातो. १२४ बीपीएमला आठ बार साडेपंधरा सेकंदांचे होतात, म्हणजे आठ बारचा हुक (गाण्याचा लक्षात राहणारा तुकडा) एका छोट्या व्हिडिओत नेमका बसतो. सुरुवात ड्रॉपच्या (बीट पूर्ण जोरात सुरू होतो त्या जागेच्या) एक बार आधी धरा: तो ओढ लावणारा क्षण असला की नाचणाऱ्याला पाऊल कुठे टाकायचं ते कळतं.

कोणाला, कधी पाठवायचं

समीक्षकांना तीन-चार आठवडे आधी, डीजेंना दोन-तीन आठवडे आधी. समीक्षकाला खासगी स्ट्रीमिंग लिंक, चार ओळींची माहिती आणि मोठ्या आकाराचा एक फोटो पुरतो. ईमेलला गाणं जोडू नका. डीजेला मात्र डाउनलोड होणारी वेव्ह फाइलच हवी.

पैसे घेऊन हमखास स्ट्रीम देणाऱ्या प्लेलिस्टपासून लांब राहा. २०२४ पासून स्पॉटिफाय बनावट स्ट्रीम सापडल्यावर डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं. तो दंड तुमच्यावर येतो आणि गाणं काढलंही जाऊ शकतं.

प्रतिसाद कसा वाचायचा

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम मोजला जातो. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात गायकाचा आवाज किंवा हुक यायला हवा. क्लबची लांबलचक सुरुवात मुख्य ट्रॅकवर ठेवणं महागात पडतं. मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टीही मिळत नाही.

पहिल्या दिवसाचा आकडा तुमच्या ओळखीतल्या लोकांचा असतो. दुसऱ्या आठवड्यात स्ट्रीम कुठून येतात ते पाहा. संपादकीय प्लेलिस्टमधून भरपूर ऐकलं जातंय पण सेव्ह होत नाही, याचा अर्थ गाणं मागे वाजत राहतं, लोक ते आपलं करत नाहीत. श्रोते कमी पण लायब्ररीतून पुन्हा पुन्हा ऐकणारे असतील तर प्रचार चालू ठेवा. लोक नेमके कुठे सोडून जातात, ते यूट्यूबच्या रिटेन्शन आलेखात दिसतं. दुसऱ्या अंतऱ्यावर उतार असेल तर पुढच्या एडिटमध्ये तो अर्धा करा.

क्लबमधला प्रतिसाद उशिरा येतो आणि तो आपणच शोधावा लागतो. डीजेंच्या अहवालांवर चालणारा बिलबोर्डचा डान्स क्लब साँग्ज चार्ट मार्च २०२० मध्ये थांबला. २०१३ पासूनचा हॉट डान्स/इलेक्ट्रॉनिक साँग्ज चार्ट मुख्यतः स्ट्रीम, विक्री आणि रेडिओवर उभा आहे. वाजणारं गाणं ओळखणाऱ्या शझॅम ॲपचे आकडे ॲपल म्युझिक फॉर आर्टिस्ट्समध्ये शहरानुसार दिसतात. एखाद्या शहरात दर शनिवार-रविवारी ते चढत असतील तर तिथे कोणीतरी गाणं वाजवतंय. तो डीजे शोधा, त्याला इन्स्ट्रुमेंटल पाठवा.

परीक्षणात एकाच समीक्षकाची टीका मनाला लावून घेऊ नका. एकमेकांना न ओळखणारे तिघं ‘कोरस हवेत राहतो’ म्हणत असतील तर मात्र मिक्स पुन्हा उघडा.

रीमिक्स

एव्हरीथिंग बट द गर्ल या ब्रिटिश जोडीचं ‘मिसिंग’ १९९४ मध्ये आलं. डीजे टॉड टेरीच्या रीमिक्सनंतर ते अमेरिकेच्या हॉट १०० वर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि एकूण ५५ आठवडे त्या चार्टवर राहिलं. म्हणून रीमिक्सचं काम रिलीजआधीच सोपवा आणि मूळ गाण्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी ते स्वतंत्र रिलीज म्हणून आणा. स्टेम (ड्रम, बेस, आवाज अशा वेगवेगळ्या भागांच्या फाइल) २४-बिट वेव्हमध्ये द्या, सगळे पहिल्या बारपासून सुरू होणारे, आवाज कोरडा आणि इफेक्टसह असा दोन्ही. मोबदला एकरकमी की वाट्याने, मास्टर कोणाच्या मालकीचा राहणार, हे स्टेम पाठवण्याआधी लेखी ठरवा.